पंख्यातली रुई

बाप गेल्यावर पोरानं त्याचा जुना लॅपटॉप खोलला, असं सांगतलं का तुमचे कान लगेच उभे होतात. मले माहीत आहे. तुम्हाले वाटून राहिलं, आता याले आतमधी काहीतरी सापडन. लपवलेला फोटो, नाही तं बापानं आवाज भरून ठेवलेली फाईल, "बेटा, तू हे ऐकशील तेव्हा मी नसन." मंग पोट्टा रडन, मंग तुम्ही रडान. तं रुमाल खिशातच ठेवा गा. काहीच सापडलं नाही. कचरा सापडला. ही त्या कचऱ्याचीच गोष्ट आहे. ज्याले कचरा वाचाचा नसन त्यानं आताच उठावं.

मी खापा गावच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे सरांच्या नकला केल्या. हेडमास्तर वर्गात आले का खोकलून "बसा" म्हणत. मी मागच्या बाकावरून त्यांच्याआधी तसाच खोकलो का अख्खा वर्ग बसे, अन् हेडमास्तर उघड्या तोंडानं तसेच उभे. पुढं मले कॉलेजात टाकलं अन् आम्ही नागपुरात आलो, महाल भागात, वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. खाली पंक्चरचं दुकान. मी, आई अन् बाबा.

बाबा सावनेरकडच्या एका जिनिंगात होते. जिथं कापसातून सरकी वेगळी काढतात अन् रुईच्या गाठी बांधतात, ते जिनिंग. बाबा तिथं ऑफिसात बसून काट्यावर आलेल्या गाड्यांची वजनं भरत. जाणं-येणं रोजचं. तिथं सुट्टी झाली का सगळे गेटपाशी हवेच्या पायपाखाली उभे राहून अंगावरची रुई उडवत. बाबा बी उडवत. तरी त्याइच्या भुवईत अन् कानाच्या केसात थोडी राहेच. घरी आले का असं वाटे, हा माणूस दिवसभरात म्हातारा होऊन आला.

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा शेठनं जुना लॅपटॉप बाबाले देऊन टाकला. त्याचा पंखा असा वाजे, जसं कोणी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन घरात फिरून राहिलं. आधी बारीक घरघर. मंग एक खरखर, जशी दाढेत सुपारी अडकली. अन् मंग जे घोंगावणं सुरू होये ते थांबेच ना. भर उन्हाळ्यात पाहुणे विचारत, "बाहेर पाऊस-पाणी आलं का गा?"

बाबा जिनिंगातून आले का हातपाय धूत अन् लॅपटॉप लावून शंकरपट पाहत. बैलजोड्यांच्या शर्यती. आमच्या घरी बैल नाही, शेत नाही, साधी कुंडी नाही, पण कोणती जोडी कुठं पळाली हे त्याइले तोंडपाठ. व्हिडिओचा आवाज बंद ठेवत, कारण त्याच वेळेले आई देवापाशी दिवा लावे. म्हणजे घरात आवाज एकच, पंख्याचा.

अन् आईचा तवा त्या पंख्यावर चाले. बाबाले तव्यावरून सरळ ताटात आलेली पोळी पाहिजे. डब्यात ठेवलेली चालत नव्हती. तं पंखा घोंगावे तोवर आई वरण-भाजी पाहे, कणीक भिजवून ठेवे. बाबानं लॅपटॉप बंद केला, पंखा थांबला, का स्वयंपाकखोलीतून तवा ठेवल्याचा आवाज ये. कोणी कोणाले हाक मारत नव्हतं. "झालं का?" नाही, "वाढू का?" नाही. मले वाटे सगळ्यांच्याच घरी असं असते.

दसरा झाल्यावर बाबा गेले. जिनिंगातच, खुर्चीवर. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याइच्या भुवईत रुई होती. काढावी का राहू द्यावी, मले समजलं नाही. राहू दिली.

रडू आलं नाही. आत्या म्हणे, "पोट्टा दगड झाला वं." दगड नव्हतो झालो. मी पाहून राहिलो होतो, कोण कसं रडते. काका "चांगला माणूस गेला गा" म्हणत, अन् बरोबर "गा"वर त्याइचा गळा भरून ये. दर नव्या पाहुण्याच्या वेळी त्याच जागेवर. आत्या आधी पदर शोधे, मंग रडे. हे सगळं माह्या डोक्यात जमा होऊन राहिलं होतं, जसं दुसऱ्याचं सामान आपल्या घरी ठेवते कोणी. एक दिवस मोरीत नळ सोडून मी बाबाचा आवाज काढून पाहिला. "सारी टाकी संपवतं का आज?" हुबेहूब आला. मंग मी नळ बंद केला अन् अंग पुसलं.

तेरवीले भटजीनं दानाचं सामान मांडाले लावलं. गादी, छत्री, चप्पल, तांब्या. काका म्हणे, "त्याचा तो लॅपटॉप बी देऊन टाका. घरात ठेवून काय कराचं?" भटजीनं हौसेनं उघडला, बटन दाबलं. पंख्यानं आधी घरघर केली, मंग खरखर, मंग जो सुटला! भटजी पाटावरून मागं सरकले.

"हे राहू द्या," म्हणे. "याचं शास्त्रात नाही."

अशानं तो घरात राहिला. अन् पाहुणे पांगले त्या संध्याकाळी आईनं देवापाशी दिवा लावला, लॅपटॉपचं झाकण उघडलं, बटन दाबलं अन् आत निघून गेली. पडद्यावर हिरव्या टेकडीचं चित्र. पाहाले कोणी नाही. मी कॉलेजातून येऊन तिथंच मोबाईल घेऊन बसून राहो. भूक लागली का मी झाकण बंद करो, पंखा थांबे, आत तवा वाजे. आम्ही दोघं जेवो. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगतलं नाही. काम चालून राहिलं होतं.

होळीनंतर बिघडलं. नागपुरात होळी झाली का माळ्यावरचा कूलर खाली उतरते. आमचा उतरला नाही, कारण उतरवणारे बाबा होते. खोली तापाले लागली अन् लॅपटॉप आपोआप बंद पडाले लागला. आईनं चालू करावा, पंख्यानं जीव तोडून घोंगावावं, अन् भाजीले फोडणी पडायच्या आत सगळं चूप. आत आई हातात पळी घेऊन तशीच उभी.

"बंद केला काय गा एवढ्यात?"

"मी नाही केला. तोच बंद पडला."

ती पुन्हा चालू करे. पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेले ती म्हणे, "तू जेवून घे बाबू. मले भूक नाही." मंग माह्यापुरत्या पोळ्या टाके अन् गॅस बंद करे. दुसऱ्या दिवशी तेच. पाहता पाहता तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत जाऊन येऊ लागली. मी म्हटलं, डॉक्टरकडं चाल. म्हणे, मले काय झालं? काही झालं नव्हतं खरंच. फक्त लॅपटॉप बंद पडत होता अन् आई जेवत नव्हती. तो दुरुस्त झाला का ती जेवन, एवढा सरळ हिशेब मी लावला.

बर्डीच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसानं तो असा धरला जसा मेलेला उंदीर धरतात. "भैया, ये तो अजायबघर में दे दो." मी म्हटलं, साफ तरी करून द्या. तं म्हणे, "खोलूंगा तो वापस बंद होने की गारंटी नहीं." त्याचं ते "गारंटी नहीं" मी घरी आईले करून दाखवलं, नाकातून. आधी असं काही केलं का ती हसे. आता तिनं विचारलं, "म्हणजे नाही होत का?"

तं मीच कराचं ठरवलं.

रविवारी शेजारच्या काकूनं आईले ओढून नेलं, पापड लाटाले. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच असं कोणाकडं गेली. मी मोबाईलवर खोलण्याचा व्हिडिओ लावला अन् पेपर अंथरला. व्हिडिओतल्या माणसापाशी स्क्रू ठेवाले चुंबकाची ताटली होती. आमच्यापाशी आईचा मसाल्याचा डबा होता. कप्पेच कप्पे. मी जिरे, मोहरी, धने अन् हळद वेगवेगळ्या पुड्यांत काढून ठेवले. खालच्या पत्र्याचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, कीबोर्डचे जिऱ्याच्या, पंख्याचे धन्याच्या. लहान कोणाचे हे समजलं नाही, ते हळदीच्या. ते पिवळे झाले, पण हरवले नाही. मले लय हुशार वाटलं.

झाकण उचकाले बाबाचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं. कडेनं घातलं अन् कट-कट करत फिरवलं.

कीबोर्ड उचलला तं खाली खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखूची चुरी, अख्ख्या पुडीचा माल. बाबानं आईच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला होता. आता तुम्ही म्हणान, पाहा, सापडलं का नाही? नाही. हे मी सापडण्यात धरत नाही. खर्रा सुटला नाही हे घरात सगळ्याइले माहीत होतं, आईले बी. फक्त बाबाले वाटे का कोणाले माहीत नाही. मी जुन्या टूथब्रशनं तो झाडून पेपरवर घेतला.

मंग पंखा. पंख्याच्या तोंडापाशी तांब्याची बारीक जाळी असते, गरम हवा तिच्यातून बाहेर पडते. त्या जाळीवर रुई बसली होती. घरोघरी असते तशी धूळ नाही. रुई. जिनिंगातली, दाबून दाबून बसलेली, राखाडी, जशी कोणी जाड वात चपटी करून चिकटवली. हवेले जागाच नव्हती. लॅपटॉप तापन नाही तं काय करन? आईच्या भुवया कोराच्या चिमट्यानं एक टोक धरून ओढलं तं अख्खी पट्टी निघून आली. तिच्यात सरकीचं एक टरफल अडकलं होतं.

मी ती तळहातावर घेतली. वजनच नव्हतं. आता इथं आपल्याले काहीतरी वाटाले पाहिजे, असं मले वाटलं. मी थांबलो. शेजारून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज येऊन राहिला होता. बाया हसून राहिल्या होत्या, त्यात आई नव्हती. मी आणखी थोडा थांबलो. काही आलं नाही. व्हिडिओ थांबवला होता, तो पुढं सुरू केला.

पंख्याचं पातं बोटानं फिरवून पाहिलं. ढिलं होतं, डोलून राहिलं होतं. म्हणजे खरखर तिथून येत होती. त्याच्या बुडाची चिकटपट्टी काढून आईच्या शिलाई मशीनचं तेल थेंबभर सोडलं. फिरवलं. लोण्यासारखा फिरला.

बारीक भोकांतली रुई ब्रशनं निघेना. तं मी सगळं टोपल्यात घेऊन खाली पंक्चरवाल्याकडं गेलो. त्याच्यापाशी हवेची मशीन. त्यानं टोपल्यात पाहिलं.

"काय गा, याचं टायर कुठी आहे?"

"ट्यूबलेस आहे भाऊ. हवा मार."

"उडून जाईन ना बे सारं. जाऊ दे, मले काय? तोंड मागं घे."

पंखा फिरू नये म्हणून मी त्यात आगकाडी खुपसली अन् त्यानं पायपाची चाप दाबली. भस्सकन पांढरा ढग निघाला. पंक्चरवाला खोकाले लागला. "अबे, गादी फाडली का तू?" ऊन उतरलं होतं, गल्लीतल्या दुकानांचे दिवे लागून राहिले होते, अन् त्या उजेडात रुई उडून राहिली होती, गाड्यांवर, माह्या केसांवर. जाळीवरची पट्टी मी पेपरात गुंडाळून आणली होती, कुठीतरी फेकाले. म्हटलं, ही बी जाऊ दे. पेपर उघडून हवेपुढं धरला. पट्टी उडाली, विजेच्या तारेवर जाऊन बसली, मंग तिथूनही गेली. गेटपाशी बाबा बी असेच उभे राहत असतील, हात वर करून.

वर येऊन जोडाले घेतला. प्रोसेसरवर थंडावा देणारा नवा लेप लावला, मुगाच्या दाण्याएवढा, व्हिडिओत सांगतलं तेवढाच. पत्रा बसवला. जिऱ्याच्या वाटीतला एक स्क्रू कमी भरला, पण एका स्क्रूनं काही होत नाही. मसाले पुन्हा ज्याच्या त्याच्या वाटीत भरून डबा जागेवर ठेवला. बटन दाबलं.

हिरवी टेकडी आली. आवाज नाही. मी कान टेकवून ऐकलं, अगदी कान टेकवून, तेव्हा कुठी आत काहीतरी फिरून राहिलं असं वाटलं. कडेले हात लावला तं गार. मी मनातल्या मनात बर्डीवरच्या माणसाले त्याच्याच आवाजात म्हटलं, "गारंटी है."

आईले घरी याले उशीर झाला. आल्या आल्या तिनं पाय धुतले, दिवा लावला.

"आई, लाव आता," मी म्हटलं. "घंटा-दोन घंटे ठेव, नाही बंद पडत."

"झाला?"

"पाहा तं."

तिनं बटन दाबलं, टेकडी येतपर्यंत थांबली अन् आत गेली. फोडणीचा वास आला. वरणाची शिट्टी झाली. मी मोबाईल पाहत बसलो. लॅपटॉप शहाण्या पोरासारखा चूप चालून राहिला होता, एकदाही बंद पडला नाही. मले वाटलं, जमलं बा. आज जेवते आई. मंग भूक लागली, मी झाकण बंद केलं अन् तव्याच्या आवाजाची वाट पाहत बसलो.

तवा वाजला नाही.

मी आणखी बसलो. स्वयंपाकखोलीत काहीच हालचाल नाही. म्हटलं, पडली-बिडली का? जाऊन पाहिलं तं आई ओट्यापाशी पाटावर बसलेली. समोर परातीत भिजवलेली कणीक, वर ओला फडका. तवा खुंटीवर.

"पोळ्या नाही टाकत काय वं?"

"बंद कुठी केला तू अजून?"

"कधीचा केला ना."

तिनं पदराले हात पुसले. मंग उठली, बाहेर आली, लॅपटॉपचं झाकण उघडलं, बटन दाबलं अन् कान देऊन उभी राहिली. टेकडी आली. तिनं कडेले हात लावला, जिथून आधी गरम हवा ये तिथं. हात तिथंच ठेवला.

"काय केलं तू याले?"

"साफ केला."

"आवाज कुठी गेला?"

"तोच तं बिघाड होता आई. आता चांगला चालून राहिला."

"कोणं सांगतलं होतं आवाज काढाले? बंद पडते तेवढंच पाहाचं होतं ना. मले आत कसं समजन, चालू आहे का बंद आहे? का घडी घडी बाहेर येऊन पाहू? तवा कधी ठेवाचा मी?" तिनं मुठीतून काहीतरी काढून माह्यापुढं धरलं. फोडणीच्या हळदीत पिवळा झालेला स्क्रू. "अन् हे काय आहे? फोडणीत निघालं. जिऱ्यात लोखंड खाऊ घालतं मले? मसाल्याचा डबाच भेटला तुले साऱ्या घरात? मी पापड लाटाले गेल्ती गा, मेली नव्हती. हाक मारता येत नव्हती? काय निघालं आतून?"

"रुई."

"कुठी आहे?"

मी खाली गल्लीकडं पाहिलं.

"कुठी आहे विचारून राहिली मी."

"उडवली. खाली पंक्चरवाल्याकडं. हवेनं."

"कधी?"

"आताच. तू घरी याच्या आधी."

"दिवे लागणीले?" तिचा आवाज चढला. "दिवे लागणीच्या वेळेले घरातलं बाहेर झाडलं तू? झाडू बी मारत नाही कोणी त्या वेळी. एवढं समजत नाही? कागदात बांधून नाही ठेवता आलं? मले दाखवाले नाही ठेवता आलं?"

मले काय कराचं ते सुचलं नाही. अन् सुचलं नाही का माह्यं तोंड आपोआप चालते. मी घशातून घरघर काढली. मंग वर चढवली, घोंगावलो, अन् मधात खरखर टाकली, दाढेत सुपारी अडकल्यासारखी. मले वाटलं आता थापड बसते.

आईनं मारलं नाही. ऐकत राहिली. मी श्वास संपेपर्यंत काढला.

"असा नव्हता," ती म्हणाली. "खरखर मधात कुठी होती? सुरुवातीले होती, घोंगावायच्या आधी. तू मंग काढून राहिला."

मी पुन्हा काढला.

"नाही. अन् एवढा बारीक नव्हता. पोटातून काढ. गावभराच्या नकला करत फिरते, मास्तरच्या, काकाच्या, दुकानदाराच्या, अन् घरातला एक आवाज धड काढता येत नाही तुले? रोज ऐकत होता का झोपा काढत होता?" ती आत वळली. फडका उचलल्याचा आवाज आला. "कणीक सुकली माही तुह्या पायी. चाल, सुरुवातीपासून काढ. अन् भूक लागल्याशिवाय थांबू नको."